परातीएवढा उजेड

सयाजी उतेकरचा फोटो स्टुडिओ महाडच्या बाजारपेठेत आहे, आणि त्या स्टुडिओइतकीच जुनी सयाजीची एक बढाई आहे: आपल्या फोटोत अंधार सापडायचा नाही. ते खोटंही नव्हतं. सयाजीचा फ्लॅश म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थेट हाणलेला उजेड. नवरीचं नाक चकाकायचं, नवरदेवाच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटायचा आणि दोघांच्या काळ्याकुट्ट सावल्या मागच्या भिंतीला चिकटायच्या. पण तोंडं ओळखू यायची. पोलादपुरापासून वीरपर्यंत कुणाची तक्रार नव्हती, आणि ज्याची तक्रार नाही ते सुधारत बसण्याचा सयाजीचा स्वभाव नव्हता.

पहिली तक्रार आणली ती कुडपणच्या आवडीमामीने. कुडपण हे सयाजीच्या आईचं माहेर, त्यामुळे त्या गावातल्या निम्म्या बायका त्याच्या मामी लागत. आवडीमामी त्यातली सगळ्यात खमकी. गणपती नुकतेच गेले होते. छातीच्या तपासण्यांसाठी ती सुनेबरोबर महाडला आली होती. सून कमळाबाई, मुंबईला कामाला असलेल्या सदूची बायको, औषधं घ्यायला समोरच्या दुकानात गेली, तेवढ्यात मामी स्टुडिओत शिरली आणि हंस-तळ्याचा पडदा मागे सोडलेल्या स्टुलावर येऊन बसली.

“सयाजी, माझा येक फोटो काढायचा हाय.”

“आत्ता काढतो की मामी. पदर तेवढा नीट करा.”

“हितं नाय. माझ्या घरात. आनि डोळं उघडं पायजेत.”

सयाजीला हसू आलं आणि ते त्याने गिळलं, कारण मामी कशाबद्दल बोलतेय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्या कित्येक वर्षांत गावातल्या प्रत्येक लग्नात त्याने मामीचा फोटो काढला होता आणि एकातही तिचे डोळे उघडे नव्हते. भाचीच्या लग्नात ती उभ्याउभ्या झोपलेली दिसे, पुतण्याच्या लग्नात देवाला हात जोडल्यासारखी. तो ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत मामी टक्क बघत असे आणि ‘तीन’ला पापण्या खाली.

“झडप बदलायची म्हंतात,” मामी छातीवर हात ठेवून म्हणाली. “सदू न्यायला येतोय मुंबईवरनं. डाक्टर म्हनला, काळजी नको. पन काळजी नको आसं ज्याला सांगावं लागतं, त्याला कळतंच की.”

“मामी, असं काय बोलता.”

“आईक. तुझं मामा भितीवर हायत ना, बघितलायस फोटो?”

सयाजीने बघितला होता. तिकडच्या घरांत माणूस गेलं की त्याचा फोटो शोधायला लागतात, आणि सापडतो तो कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातला. मग त्यातून तेवढंच तोंड कापून मोठं करायचं आणि चौकटीत बसवायचं. मामांचा फोटो असाच पोलादपुरात कुणीतरी कापून दिला होता. फ्लॅशने मामा पिठात बुडवल्यागत पांढरे झाले होते, आणि डाव्या बाजूला दुसऱ्या कुणाचा तरी चौकडीच्या शर्टातला खांदा तसाच राहून गेला होता.

“सनावाराला हार घालते,” मामी म्हणाली. “निम्मा हार त्या खांद्यालाच जातो. कोनाचा खांदा हाय ता आजून कळला नाय. माझं तसं नको. आनि मिटल्या डोळ्यांचा तर नकोच नको. भितीवर बसून घराकडं लक्ष ठेवायचं, तर डोळं उघडं नकोत?”

सयाजी हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात कमळाबाई औषधांची पिशवी घेऊन दारात आली होती आणि शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं.

“चांगल्या कामाला जायचं तर आसलं अभद्र कशाला काढता?” ती सासूला म्हणाली. मग सयाजीकडे वळली. “भावजी, तुमी बी लगीच माना डोलावता.” आणि सासूला दंडाला धरून एसटीकडे घेऊन गेली.

संध्याकाळी सयाजीने ही हकीकत मुलीला सांगितली. श्रुतिका महाडच्याच कॉलेजात शिकत होती आणि बापाच्या फोटोंबद्दल तिचं मत ठरलेलं होतं.

“बाबा, तुमचा फ्लॅश म्हणजे ट्रकचा हेडलाइट आहे. समोरचा माणूस डोळे मिटणार नाही तर काय करणार? उजेड मऊ करायला डिफ्यूझर लावा.”

“लग्नाला इतकी वर्षं कुणी—”

“लग्नाचं नाही म्हणत मी. मामीआजीचं म्हणतेय.”

तिने मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली. फ्लॅशच्या तोंडावर बसणारी प्लास्टिकची दुधी टोपी. फ्लॅशच्या पाठीला बांधायचं पांढरं कार्ड. छत्रीसारखी उघडणारी, पुढून पांढरं कापड लावलेली पेटी, तिला म्हणायचं सॉफ्टबॉक्स. पेट्यांतही लहान-मोठ्या, गोल, चौकोनी. सयाजीला त्या पसाऱ्यातून एकच गोष्ट पसंत पडली, ती म्हणजे टोपी खिशात मावते. दुसऱ्या दिवशी त्याने महाडातच एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून ती आणलीही. स्टुडिओत फ्लॅशला चढवून श्रुतिकाचा फोटो काढला तर काय, मुलगी कशी मऊ, उजळ दिसली. नाकावर चकाकी नाही, मागे सावली नाही.

“बघ,” सयाजी म्हणाला. “उजेडाच्या तोंडाला टोपी घातली की झालं. उगीच त्या पेट्या कोण वागवणार घाटातून?”

श्रुतिकाने वर स्टुडिओच्या पांढऱ्याधोप छताकडे एकदा बघितलं होतं. पण बाप इतका खुशीत होता की ती काही बोलली नाही.

पोलादपूर सोडून मोटरसायकल चढाला लागली आणि कुडपणच्या पठारावर पोचेपर्यंत सयाजी रेनकोटातही भिजला होता. पाऊस असा नव्हता, नुसतं धुकं आणि बारीक बुरबुर. नाचणी कंबरेइतकी उभी होती. घरात शिरला तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये इतका काळोख. वीज सकाळपासून गेलेली. खिडकी म्हणजे भिंतीत ठेवलेलं हातभर भोक. मामी मात्र ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, कपाळावर बुक्का लावून पाटावर तयार बसली होती.

“मामी, अंगणात घेऊ या का? उजेड तरी आहे.”

“डाक्टरनं भिजायचं नाय सांगितलाय. आनि उजेडात माझं डोळं गळतात. शिवाय अंगनात बसून घर राखता येत नाय. हितंच घे.”

बिनाफ्लॅशचा काढून बघितला, तर सयाजीचा कॅमेरा जुना, फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. मग त्याने ऐटीत टोपी काढली, फ्लॅशला चढवली आणि फोटो काढला. पडद्यावर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तेच पांढरं नाक, तीच मागे काळी सावली, आणि मामीचे डोळे मिटलेले.

टोपी काय करते ते त्याला तिथे कळलं. ती उजेड चहूकडे उधळते. छत पांढरं असेल, भिंती पांढऱ्या असतील, तर तो उजेड त्यांच्यावर आपटून मऊ होऊन परत येतो. मामीच्या घराला कौलं होती आणि कौलांखालचे वासे चुलीच्या धुराने काळेकुळकुळीत झाले होते. वर गेलेला उजेड वरच राहिला. स्टुडिओच्या पांढऱ्या छताखाली तपासून आणलेली वस्तू त्याने काळ्या छताखाली आणून उघडली होती. जन्मभर असल्या घरांत लग्नं काढलेल्या माणसाला हे सुचू नये म्हणजे कमाल झाली.

तरी त्याने नेट सोडला नाही. फोटोमागून फोटो काढले. एकात डोळे मिटलेले, एकात अर्धे, आणि शेवटच्यात एक उघडा, एक मिटलेला. तो बघून दाराशी फुरंगटून उभ्या असलेल्या कमळाबाईलाही फिस्सकन हसू आलं.

“डोळा मारलाय,” मामी पडद्याकडे बघून म्हणाली. “ह्यो लावला तर म्हातारा लाजंल माझा.” मग जरा वेळाने म्हणाली, “मी मुद्दाम नाय मिटत रे. तुझा ता पांढरा दिवा माझ्याकडं वळला का डोळं आपसूक जातात. जाऊ दे. तुझा काय दोस.”

मामी रागावली असती तर सयाजीला बरं वाटलं असतं. तिने समजूत घातली, आणि तीच त्याला जास्त लागली. चहा पिऊन तो निघाला. सदू मामीला न्यायला येणार त्याला आता थोडेच दिवस उरले होते.

उताराला लागताना धुकं इतकं दाटलं की त्याला गाडी थांबवावी लागली. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. भाऱ्याखाली चेहरा खरं तर काळवंडायला हवा होता, पण तसा नव्हता. सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि एकही टोचत नव्हती. बाई ‘गाडी बंद पडली काय’ म्हणून विचारून पुढे गेली, आणि सयाजीच्या लक्षात आलं की तिची सावलीच पडली नव्हती. गाडीची पडली नव्हती, त्याची स्वतःचीही नव्हती. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. ऊन असतं तेव्हा उजेड आभाळातल्या एका ठिपक्यातून येतो. आज तो ठिपका कुठेच नव्हता आणि सगळं आभाळच दिवा झालं होतं. दिव्याच्या तोंडाला काही झाकून भागत नाही. दिवाच मोठा करावा लागतो. असला उजेड पिशवीत भरून नेता आला तर बरं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग श्रुतिकाने मोबाइलवर दाखवलेल्या पेट्या आठवल्या.

त्या रात्री उतेकरांच्या घरात एका नारळाचे फोटो निघाले. सयाजीने नारळ डोळे पुढे करून टेबलावर मांडला, श्रुतिकाच्या हातात ट्रेसिंग पेपरचे तुकडे दिले आणि ते फ्लॅशपुढे धरायला लावले. डब्याच्या झाकणाएवढा तुकडा धरला तर नारळाच्या शेंडीची सावली केस न् केस दिसेल अशी काळी. ताटाएवढा धरला तर सावलीच्या कडा जरा विरल्या. परातीएवढा धरला तेव्हा ती नुसती राखाडी डाग होऊन राहिली. मग सयाजीला चेव आला आणि त्याने पलंगावरची पांढरी चादर ओढून आणली. सावली पार गेली, पण चादर धरायला माय-लेकी दोघी लागल्या, आणि श्रुतिकाची आई म्हणाली की हे घेऊन घाटात निघालात तर लोक नाटक कंपनी आली म्हणतील.

“परातीएवढा पुरे,” सयाजी म्हणाला.

“पण बाबा, लांब नेऊन बघा ना.” श्रुतिका कागद घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. शेंडीची सावली पुन्हा काळी झाली.

म्हणजे मोठा हवा आणि जवळही हवा. आता टोपी आणि कार्ड दोन्ही निकालात निघाली. राहिल्या पेट्या. सगळ्यात मोठी मामीच्या बुटक्या दारातून आत जायची नाही, लहान घेऊन उपयोग नाही. मधली, परातीएवढी, घडी घातली की काखेत मावणारी. श्रुतिकाला गोल आवडली होती. डोळ्यांत चंद्र दिसतो म्हणाली. कारण ज्या आकाराचा दिवा, त्याच आकाराचा ठिपका समोरच्याच्या बुबुळात उमटतो.

“चौकोनी घेऊ,” सयाजी म्हणाला. “मामीच्या घराला धड खिडकी नाही. डोळ्यांत तरी दिसू दे.”

श्रुतिकाने बापाकडे नीट बघितलं आणि यावेळी चिडवलं नाही.

कुरियरची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. सयाजीने सदूला मुंबईला फोन लावला आणि फोर्टातल्या कुठल्या दुकानातून काय आणायचं ते नीट समजावलं. पेटी चौकोनी, तिच्याबरोबर फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून उडवायचा ट्रिगर. सदू सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “दादा, एवढं सामान कशाला पण?”

“तुझ्या आईचा फोटो काढायचाय.”

सदूने दुकानाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “आणतो.”

मामी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी सयाजी वीर स्टेशनवर उभा होता. गाडी आली, सदू उतरला. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात काळी लांबट पिशवी. रिक्षावाले महाड, महाड ओरडत पुढे झाले, पण सयाजीने त्याला मोटरसायकलवर घेतलं आणि थेट पोलादपूरचा रस्ता धरला. सदू मागे ती पिशवी पोटाशी धरून बसला होता. चढाला लागल्यावर त्याने कानाशी येऊन विचारलं, “दादा, होईल ना नीट?”

“होईल,” सयाजी म्हणाला. फोटोचं विचारतोय की उद्याचं, हे त्याने विचारलं नाही. आतून तो स्वतःच टरकला होता.

मामी त्याच हिरव्या लुगड्यात, त्याच पाटावर बसली. या खेपेला तिने फारशी आशा धरलेली दिसत नव्हती. सयाजीने पेटी उघडली, तिच्यात फ्लॅश बसवला. आता ती कुणीतरी मामीच्या बाजूला, हातभर अंतरावर, जरा उंच धरायला हवी होती. सदूने धरली. पण त्याचं लक्ष पेटीकडे नव्हतं, ती डुलत होती. आई पाटावर अशी सजून बसलेली त्याला बघवेना. ‘मी जरा बाहेर आहे’ म्हणून तो पडवीत गेला.

पेटी जमिनीवर राहिली. सयाजी इकडेतिकडे बघू लागला. चुलीपाशी पाठ करून बसलेली कमळाबाई उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “द्या हिकडं.”

“वहिनी, तुम्हाला तर हे—”

“मला नकोच हाय. पन उद्या सासूबाईंच्या मनात आडून ऱ्हायला नको. कुठं धरू?”

त्याने दाखवलं तिथे तिने पेटी धरली, हात एकदम घट्ट. सयाजीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने ‘रेडी, एक’ म्हणायला तोंड उघडलं. लगेच मामीच्या पापण्या फडफडल्या. आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं तो स्वतःच तिला डोळे मिटायची वेळ सांगत आला होता. त्याने तोंड मिटून घेतलं.

वाट बघून मामी कंटाळली आणि सुनेशी बोलायला लागली.

“कमळे, कनगीतलं तांदूळ ऊन पडला का वाळत घाल गो. आनि खालच्या नाचनीला राखन ठेव. डुकरं येतात.”

“ठेवीन.”

“ठेवीन म्हंतेस नि इसरतेस. गेल्या साली निम्मी लावनी डुकरांनी खाल्ली.”

“मग या नि तुमीच ठेवा राखन,” कमळाबाई म्हणाली. आवाज चढवायला गेली आणि तो मध्येच फुटला. “दिवाळीला याल तवा तांदूळ मोजून घ्या माझ्याकडनं. मी एकटी ह्ये घर राखनार नाय, सांगून ठेवते. तुमी भितीवर बसून राखाल ता मला नको. हितं खाली बसून राखा.”

मामीने मान वर केली. इतक्या वर्षांत सून असं कधी बोलली नव्हती. ती सुनेकडे बघत राहिली, आणि सयाजीने बटण दाबलं. कापडामागे उजेड फुलला आणि गेला. मामीला पत्ताही लागला नाही.

“काय बोलतेस गो,” ती एवढंच म्हणाली.

सयाजीने पडद्याकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. तो मागे सरकला आणि मटकन खाली बसला.

“भावजी, उंबऱ्यावर बसू नका,” कमळाबाई नाक ओढत म्हणाली.

“मामी, झाला.”

“काय झाला?”

“फोटो.”

“कवा? उजेड कुठं पडला?”

“पडला. वहिनीच्या हातातून पडला.”

मामीने चष्मा मागितला आणि कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. पडद्यावर एक म्हातारी होती. सुरकुत्या सगळ्या होत्या, पण कोरून काढलेल्या नव्हत्या. अर्ध्या चेहऱ्यावर सकाळच्या दारातून यावा तसा उजेड आणि अर्ध्यावर त्याहून जरा कमी, काळं कुठेच नाही. डोळे टक्क उघडे, आणि दोन्ही बुबुळांत एकेक चौकोनी खिडकी.

“ही मी?” मामी म्हणाली. मग पडवीकडे तोंड करून, “सदू, आत ये रे. आई कशी दिसते बघ तरी.”

सदू आला, त्याने बघितलं आणि आईच्या पायाशी बसला. कमळाबाई मला नाय बघायचा म्हणाली आणि तेवढ्यात खांद्यावरून वाकून बघूनही घेतला.

दुसऱ्या दिवशी मामी मुंबईला गेली. सयाजीने फोटो मोठा छापून आणला, पण चौकट केली नाही. कमळाबाईने बजावलं होतं की मी सांगेपर्यंत चौकट नाही आणि काच नाही. तो फोटो त्याने स्टुडिओच्या खणात ठेवला, आणि पुढचे दिवस तो खण उघडायला त्याचा हात धजेना. त्याच्या मनात भलतीच पाल चुकचुकत होती. इतकी वर्षं मामीचे डोळे मिटलेले होते आणि ती ठणठणीत होती. आता नेमके उघडे डोळे टिपले, तर कमळाबाई म्हणते ते अभद्र खरं व्हायचं नाही ना? शिकलेल्या मुलीला हे सांगायची सोय नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या पासपोर्ट फोटोत नुसते कान काढत होता.

दुपारी फोन वाजला. सदू होता.

“दादा, आई शुद्धीवर आली. झडप बसली नीट, डॉक्टर खूश आहेत.”

सयाजीने गिऱ्हाइकाला हाताने थांबायची खूण केली.

“दादा, ऐकतोयस ना? चहा मागतेय. अजून द्यायचा नाही म्हणतात, तर नर्सवर तापलीय.”

“तापू दे,” सयाजी म्हणाला. “तापू दे तिला.” फोन ठेवून तो समोरच्या गिऱ्हाइकापुढेच रडला, आणि मग त्याच माणसाला चहा पाजून त्याचा फोटो पुन्हा काढून दिला, पेटी लावून. पासपोर्टला कशाला पेटी, असं तो बिचारा विचारत होता. सयाजीने ऐकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मामी वीरला उतरली, वाळली होती पण जिभेची धार शाबूत. घरी पोचल्यावर तिने आधी कनगीत हात घालून तांदूळ बघितला, मग सयाजीला फोन लावायला सांगितलं. फोटो घेऊन ये म्हणाली, आणि सयाजी दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेला.

“जित्या मानसाचा फोटो त्या भितीवर लावत नाय,” कमळाबाईने आडकाठी घातली.

“मग काय खनात ठेवू? सयाजी, तुझी पोरगी कंपूटरवर करते ना? त्यो खांदा काढ म्हनावं. आनि तिथं मला बसव. जागा हाय तेवढी.”

श्रुतिकाने ते केलं. चौकडीच्या शर्टाचा खांदा, जो कुणाचा होता हे कधीच कळणार नव्हतं, तो गेला आणि त्या जागी मामी आली. मामा जुन्या फ्लॅशने पांढरेफटक आणि दचकलेले, मामी शेजारी शांत उजेडात. उजेड जुळत नाही, असं श्रुतिका कुरकुरली. मामी म्हणाली, “नसू दे. त्यो लगनात पन आसाच दचकलेला व्हता.”

सदूने चौकट भिंतीला लावली. सगळे मागे सरून बघायला लागले. फोटोतली मामी समोर बघतच नव्हती. तिची नजर जरा तिरकी, कमळाबाई बसते त्या चुलीकडे होती.

“बघा,” कमळाबाई म्हणाली. “आता खालनं येक नि वरनं येक. दोगी बी माझ्याकडंच बघनार.” पण ती हसत होती.

मग तिने ताटातला झेंडूचा हार उचलला, पाटावर चढली आणि नेहमीच्या सवयीने सबंध चौकटीवरून सोडला. हार मामांच्या गळ्याशी आला आणि मामीच्याही. कमळाबाईचे हात तसेच वर राहिले. सदूने मान खाली घातली.

“सगळा नको गो,” मामी पाटाशी येऊन म्हणाली. “त्याच्या अंगाला सरकव. मी हाय आजून.”

कमळाबाईने हार उचलला आणि मामांच्या बाजूच्या कोपऱ्याला अडकवला. तो एका अंगाने वाकडा लोंबत राहिला, आणि कुणी तो सरळ करायला गेलं नाही.